टोकाच्या खोलीतल्या बायका

४ मार्च

नगराध्यक्ष हुदाक आज माझ्या घरी कॉफी पिऊन गेला. प्यायला म्हणजे काय, कपाला ओठ लावले आणि खाली ठेवला. त्याआधी रुमाल काढून कपाची कड पुसली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्याच रुमालाने नाक पुसल्यासारखं केलं. तो गेल्यावर कप मी दोनदा घासला. त्याला आमची किळस येते हे जन्मापासून ठाऊक आहे. माणसाने तोंड लावलेल्या कपाची मलाही इतकी किळस येऊ शकते, हे आजच कळलं.

सोबत राजधानीहून आलेली एक मुलगी होती, दोरोता. तिथल्या कुठल्याशा संस्थेत आहे. वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या वस्त्यावस्त्यांमधल्या पुढाऱ्यांचा ही संस्था दरवर्षी सन्मान करते. यंदाचा सन्मान माझ्या नवऱ्याला आहे, मरणोत्तर. कोलोमानचं नाव कोणी सुचवलं? हुदाकने.

"मार्गिताबाई, तुमचे यजमान म्हणजे ओल्शिना गावाचं भूषण होते," तो म्हणाला. "माझा मित्रच म्हणा ना."

कोलोमान जिवंत होता तेव्हा हाच माणूस त्याला 'काळा वकील' म्हणायचा, तेही भर सभेत. आणि मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आम्हा रोम लोकांना, त्यांच्या भाषेत जिप्सींना, गाजे, म्हणजे आमच्यातले नसलेले, 'तू'च म्हणतात, मग म्हातारी असो की पोर. आज मात्र ती मुलगी समोर होती, म्हणून 'मार्गिताबाई' आणि 'तुम्ही'. त्या 'तुम्ही'ने माझ्या अंगावर शहारा आला. ओल्या हाताने कोणी गाल कुरवाळावा तसं वाटलं.

आठ एप्रिलला, आम्हा रोम लोकांच्या दिवशी, गावातल्या नाट्यगृहात समारंभ आहे. काचेचं सन्मानचिन्ह मी जाऊन घ्यायचं. मी म्हटलं, विचार करते.

कोलोमान शरद ऋतूत गेला. तेव्हापासून बोलायला कोणी नाही. सून झानेता आहे, पण तिचे दिवस भरत आलेत आणि मुलगा इंग्लंडात गाड्या धुतो, तिला आधीच काळजी पुष्कळ. म्हणून ही वही. पोटातलं कुठेतरी ओकायला हवं.

७ मार्च

वस्तीभर झालं. सकाळी नळावर गेले तर बायकांनी बादल्या बाजूला सारून मला पुढे जागा दिली, जशी मी कोणी पाद्र्याची बायको. आमच्या सगळ्या वस्तीला हा एकच नळ. पाणी तांबूस, आणि थंडीत अर्धा वेळ गोठलेला.

दुपारी दीर गेइझा आला. कोलोमान गेल्यापासून वस्तीचा म्होरक्या तोच. लग्नात, मयतीला व्हायोलिन तोच वाजवतो. आल्या आल्या चुलीवरच्या मारिक्लीचा, आमच्या जाड भाकरीचा, तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, "वहिनी, ऐक. हुदाक माझ्याशी बोललाय. पाण्याची लाइन देतोय. घराघरात नळ."

"कोण, हुदाक?"

"समारंभ नीट पार पडला की उन्हाळ्यात खणायला सुरुवात. शाळेच्या मागे खुंट्यासुद्धा ठोकल्यात, जाऊन बघ."

"नीट पार पडला म्हणजे?"

"म्हणजे हसायचं, घ्यायचं, 'धन्यवाद' म्हणायचं आणि खाली उतरायचं. त्यात काय जातं तुझं?"

मी गेले आणि बघितलं. खुंट्या खरंच आहेत. लाल फिती बांधलेल्या. पावसाने चिखल झालाय, त्यात त्या फुलांसारख्या दिसतात. क्षणभर मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

१२ मार्च

दोरोता एकटीच आली. समारंभात दाखवायला एक छोटी फिल्म करायची आहे, म्हणून आठवणी हव्या होत्या. मी सांगितल्या. पूर्वी शाळेत आमच्या मुलांना मागच्या दाराने, कोळशाच्या खोलीजवळून आत घेत. गाज्यांची पोरं जेवून उठली की मग ह्यांना उरलेलं वाढत. कोलोमानने अर्ज केले, मोर्चा काढला, वर्तमानपत्रवाले बोलावले. शेवटी पुढचं दार सगळ्यांना उघडलं.

"आणि तुम्ही काय करत होतात तेव्हा?" तिने विचारलं.

"मी? मी कॉफी करत होते. घरात सतत माणसं."

"बस?"

"आणखी काय? म्हणजे, कोलोमानला पोलिसांनी धरून नेलं त्या आठवड्यात मुलांना शाळेत कोणीतरी न्यायला हवंच होतं. तो नव्हता, मग मी नेली. पुढच्या दाराने. मुख्याध्यापिका दारात हात आडवा धरून उभी राहायची. मी म्हणायचे, 'बाई, हात दुखेल तुमचा,' आणि तिच्या हाताखालून एकेक पोर आत ढकलायचे. रोज सकाळी. मग तिचा हात खरंच दुखला असेल, खाली घेतला तिने."

दोरोता लिहायची थांबली होती. माझ्याकडे बघतच राहिली. ह्या शहरातल्या मुलींना बोलता बोलता कुठे हरवायला होतं कोण जाणे. मी पुन्हा कोलोमानच्या मोर्च्यावर आले.

निघताना तिला फोटो हवा होता. मी खिडकीपाशी बसले. तर म्हणते, "चुलीजवळ उभ्या राहाल का? आणि हा पडदा जरा काढू या? नवीन दिसतोय फार." पडदा मी मागच्याच महिन्यात शिवलाय. काढला. चुलीजवळ उभी राहिले, ॲप्रन घालून. तिला आमची गरिबी नीट दिसायला हवी होती.  मला वीट आला.

१६ मार्च

झानेताला मुलगी झाली. गोरीगोमटी आहे, कोलोमानसारखं कपाळ. हे आधी लिहिलं पाहिजे, कारण बाकी सगळं घाण आहे.

गावातल्या इस्पितळात बाळंतिणींच्या मजल्यावर उजवीकडे खोल्या आहेत, दोन-दोन खाटांच्या. खिडक्या बागेकडे, पांढरे पडदे. डावीकडे पार टोकाला एक खोली आहे, संडासाच्या शेजारी. ती आमची. दारावर तसं लिहिलेलं नाही, लिहायची गरजच नाही. आत चार खाटा आणि सहा बायका. दोन खाटा जोडून त्यावर तिघी आडव्या. झानेता मधली. ओल्या भिंतीचा, रक्ताचा आणि आंबलेल्या दुधाचा वास. फुटक्या तावदानात कोणी ब्लँकेट कोंबलंय. जेवायच्या खोलीत बाकीच्या बायका टेबलावर बसून जेवतात, आमच्या बायकांना थाळ्या दारातून सरकवतात.

येताना मी उजवीकडच्या खोल्यांमध्ये डोकावले. तिसऱ्या खोलीत खिडकीपाशी एक खाट रिकामी. चादर ताणून घातलेली, उशी फुगवलेली.

नर्सला म्हटलं, "माझ्या सुनेला तिथे घ्या. इथे तीन जणी एकमेकींवर पडल्यात."

"तू कोण? सासू? ती खाट राखीव आहे."

"कोणासाठी?"

"येणाऱ्या पेशंटसाठी."

"ही आलेलीच आहे की."

ती हसली. वाईट हसली नाही, ते जास्त वाईट. समजूत घातल्यासारखी म्हणाली, "अगं, तुमच्या बायकांना एकत्रच बरं वाटतं. गप्पा मारता येतात. तुमची संस्कृतीच आहे ती."

आमची संस्कृती. आमच्यात बाळंतिणीला चाळीस दिवस वेगळी खाट, वेगळं भांडं, कोणी हात लावायचा नाही इतकं जपतात. हे त्या बयेला सांगावं की तिच्या तोंडावर थुंकावं, हे ठरेना. शेवटी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

ह्याच खोलीविरुद्ध बोलायला कोलोमान मरायच्या आधी वर्षभर इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरांच्या, बेनीचेकच्या, दाराबाहेरच्या बाकावर बसायचा. 'डॉक्टर राउंडला गेलेत.' दर वेळी राउंडला. छातीत कळ घेऊन शेवटचा आला तेही ह्याच इस्पितळात. तेव्हा मात्र डॉक्टर भेटले, पण कोलोमान काही बोलू शकला नाही.

घरी येऊन हात धुतले. पुन्हा धुतले. वास जात नाही.

१९ मार्च

दोरोताने कार्यक्रम पाठवला. सन्मानचिन्ह कोणाच्या हस्ते? डॉ. बेनीचेक यांच्या.

मी गेइझाला दाखवलं. तो म्हणाला, "मग? त्याचे हात काय, हुदाकचे हात काय. काच काचच असते."

"भाऊजी, तुमच्या भावाला त्याने वर्षभर बाकावर बसवून ठेवलं."

"म्हणून तर आता उभा राहून देतोय ना!" असं म्हणून हसला स्वतःच. मग मी हसले नाही हे बघून चिडला. "वहिनी, कोलोमान एकटा लढला आणि एकटा मेला. त्याच्या लढाईने माझ्या घरात पाणी आलं नाही. माझी बायको अजून बादल्या उचलते."

शेजारची एर्झिका नळावर भेटली. माझ्याहून लहान, पण तिची जीभ सगळ्या वस्तीत तिखट. म्हणाली, "ऐकलं, राणीसाहेबांना बक्षीस नको आहे. तुझं बरंय गं, तुझा नवरा फोटोत लटकलाय. आमच्या बादल्या काय तो फोटोतून उतरून भरणार?"

मी म्हटलं, "तुझी लेक ब्लांका पुढच्या महिन्यात बाळंत होणार ना? त्या खोलीत निजवशील?"

 तिने बादली उचलली आणि निघून गेली. अर्धं पाणी रस्त्यात सांडलं.

चढावर माझे गुडघे धरले. बादल्या खाली ठेवून बसले आणि मनात आलं, घे बाई ती काच, घे आणि मोकळी हो. खरंच आलं मनात. त्या क्षणी हुदाकच्या कपापेक्षा माझी मला जास्त किळस आली.

२५ मार्च

नाट्यगृहात रंगीत तालीम. लिहायलाही नको वाटतं, पण लिहिते.

त्यांनी झानेतासाठी फुलाफुलांचा घेरदार घागरा आणि नाण्यांची माळ आणली होती. नाटक मंडळींच्या पेटाऱ्यातली. तिने बाळाला घेऊन स्टेजवर माझ्या मागे उभं राहायचं. चाळीस दिवस व्हायचे होते, पण हुदाकला बाळ हवंच होतं. झानेता म्हणाली, "आई, हे काय आहे? मी जीन्स घालते." घागऱ्याला डांबरगोळ्यांचा वास. बाळ शिंकलं.

डॉ. बेनीचेक आला. गुळगुळीत, टवटवीत माणूस. माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मग बाळाच्या गालाला बोट लावून म्हणाला, "ही तर आमच्या घरची! आमच्याच इस्पितळात झाली ना?" आणि बोट कोटाला पुसलं. इतकं सहज पुसलं की त्याला स्वतःलाही कळलं नसेल.

माझं भाषण लिहून दिलं होतं. चष्मा लावून वाचलं. छान होतं, कोलोमानबद्दल चार चांगल्या गोष्टी. शेवटी एक वाक्य: 'त्यांच्या कष्टांमुळे आज ओल्शिना गावात कोणताही भेद उरलेला नाही.'

दोरोताला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

ती लालबुंद झाली. "ते... नगरपालिकेने नंतर घातलं."

"का?"

"इस्पितळाबद्दल तक्रार गेली आहे वरपर्यंत. तुमच्या यजमानांचीच. तपासणी येणार आहे मे महिन्यात." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "मार्गिताबाई, मला हे आधी माहीत नव्हतं. खरंच नव्हतं."

माहीत नव्हतं. सगळ्यांना नंतर कळतं.

म्हणजे कोलोमानची तक्रार खोटी पाडायला कोलोमानचाच सन्मान, आणि ते माझ्या तोंडून. मी हुदाकला म्हटलं, ते वाक्य मी म्हणणार नाही. दोरोता लांब माइकपाशी गेली होती. हुदाक जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि हसत हसत म्हणाला, "हे बघ म्हातारे. खुंट्या ठोकायला एक दिवस लागला. उपटायला अर्धाही लागणार नाही. तू म्हणशील ते वाक्य."

पुन्हा 'तू'. का कोण जाणे, बरं वाटलं. निदान ते खरं होतं.

२ एप्रिल

कोलोमान असता तर त्याने एका क्षणात ठरवलं असतं आणि मग सगळ्यांना सांगितलं असतं. माझ्यात ते धैर्य नाही. पाणी एकट्या माझं नाही, मग ते घालवायचा निर्णय मी एकटीने कसा घ्यायचा? म्हणून मी आपली घरोघर गेले आणि म्हटलं, बायांनो, रविवारी माझ्याकडे या, एक विचारायचंय.

आल्या. इतक्या की खाटेवर, जमिनीवर, उंबऱ्यावर. पुरुषांना येऊ दिलं नाही, गेइझा अंगणात येरझारा घालत राहिला. मी सरळ सांगितलं. वाक्य म्हटलं तर नळ येईल. न म्हटलं तर येणार नाही, आणि आणखी काय काय होईल माहीत नाही. तुम्ही सांगाल तसं.

आधी सगळ्या पाण्याबद्दलच बोलल्या. कोणी म्हणालं, एक वाक्य तर आहे, वाऱ्यावर जातं. कोणी म्हणालं, मनात उलटं म्हण. हसल्यासुद्धा. मला वाटलं, झालं, ठरलं. कॉफी ओतायला उठले.

तेवढ्यात एर्झिका बोलली. नेहमीच्या आवाजात नाही, जमिनीकडे बघून.

"माझ्या पहिल्या वेळी," ती म्हणाली, "टाके पडले होते. दुसऱ्या दिवशी नर्सने हातात फडकं दिलं. म्हणाली, घाण तुम्ही केलीत, पुसा तुम्हीच. मी गुडघ्यांवर बसून खोली पुसली. टाका उसवला. तर माझं रक्तही मीच पुसलं." बोटाने जमीन पुसल्यासारखं केलं. "हे मी नवऱ्यालापण सांगितलेलं नाही. त्यात सांगायचं काय?"

 मग तिच्या शेजारची बोलली. तिला थाळी जमिनीवर ठेवून पायाने सरकवली होती. मग उंबऱ्यावरची. तिचं बाळ रडायचं म्हणून दार बाहेरून लावून घ्यायचे. मग आणखी एक. सगळ्या त्याच खोलीतल्या. आयुष्यभर शेजारी राहिलो, एका नळावर भांडलो, आणि ही एक गोष्ट प्रत्येकीने स्वतःपाशी दाबून ठेवली होती, जणू चूक हिचीच होती.

शेवटी एर्झिका म्हणाली, "माझी ब्लांका तिथे निजणार नाही. बादल्या काय, उचलू."

सगळ्या काही हो म्हणाल्या नाहीत. दोघी-तिघी रागाने उठून गेल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकीच्या घरी आजारी सासरा आहे, तिला दिवसाला किती पाणी लागतं ते मला ठाऊक आहे. बाहेर गेइझाला कळलं तेव्हा तो माझ्या दारात थुंकला. "तू वस्ती बुडवलीस," म्हणाला.

मला काहीच करता आलं नाही. मी फक्त विचारलं. कोलोमानने कसं सांभाळलं असतं हे सगळं.

८ एप्रिल

झालं ते जसं झालं तसं लिहिते.

नाट्यगृह भरलेलं. पुढे गाजे, मागे आमची माणसं. झानेता जीन्स घालून बाळासकट मागे बसली, घागरा तिने विंगेत खुर्चीवर टाकून दिला. स्टेजच्या कडेला गेइझाचा बँड. फिल्म दाखवली. चुलीजवळची मी, पडदा नसलेली खिडकी. टाळ्या. हुदाक बोलला, 'माझा मित्र कोलोमान.' मग बेनीचेकने काच माझ्यापुढे धरली. जड असावी, दोन्ही हातांनी धरली होती.

मी हात पुढे केला नाही.

तो हसत उभा राहिला. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मी माइकमध्ये म्हटलं, "डॉक्टर, ही तुमच्याचकडे ठेवा. मी नंतर घेईन. तुमच्या टोकाच्या खोलीतली बाई खिडकीपाशी निजेल त्या दिवशी मला बोलवा, मी चालत येईन."

सभागृहात कोणी खोकलं. बेनीचेक म्हणाला, "ह्यांचा काहीतरी गैरसमज झालाय." माइक त्याच्या जवळ होता, सगळ्यांनी ऐकलं.

मी म्हटलं, "असेल. मी एकटी सांगतेय म्हणून वाटत असेल. त्या खोलीत बाळंत झालेल्या बायांनो, उभ्या राहा गं."

मला वाटलं कोणी उठणार नाही.  आधी एर्झिका उठली, ब्लांकाला हाताला धरून. मग झानेता. मग खुर्च्यांचा आवाज सुरू झाला आणि थांबेना. म्हाताऱ्या, तरण्या. त्या रविवारी रागाने निघून गेलेल्यांपैकी एक, आजारी सासऱ्यावाली, तीसुद्धा. पुढचे गाजे मान वळवून बघत होते. गावात इतक्या बायका आहेत हे त्यांना प्रथमच दिसत असल्यासारखे.

हुदाकने बँडकडे हात केला, वाजवा वाजवा. गेइझाने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि सुरुवात केली. एकट्याने. मागे कोणी साथ दिली नाही, सगळे वादक हात मांडीवर ठेवून बसलेले. त्याने दोन ओळी वाजवल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि सूर मध्येच सोडून गज खाली घेतला. हुदाक ओरडला, "वाजव!" गेइझा बूट बघत राहिला. तार तुटली असेल. वय झालंय त्याचं.

मी खाली उतरले. कोणाशी हात मिळवला नाही. बाहेर आले तशी भिंतीला धरून ओकले. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, नुसतं कडू पाणी.

१० एप्रिल

खुंट्या उपटल्या. अर्धा दिवसही लागला नाही, बोलला तसंच. लाल फिती चिखलात पडल्यात, पोरं खेळताहेत त्यांच्याशी.

गावच्या पेपरात मथळा: 'कृतघ्न.' खाली बेनीचेकची मुलाखत. माझ्या 'दुःखी मनःस्थितीबद्दल' त्याला सहानुभूती आहे. मी तो पेपर चुलीत घातला. त्याच्या आचेवर भाकऱ्याही भाजाव्याशा वाटेनात, दुसरी लाकडं लावली.

गेइझा बोलत नाही. पण सकाळी दारात भरलेल्या दोन बादल्या होत्या. एर्झिकाला विचारलं, ती नाही म्हणाली. कोणी ठेवल्या कळलं नाही.

दोरोता बसस्टॉपवर दिसली, बॅगेवर बसलेली, डोळे सुजलेले. परत चालली होती. म्हणाली, संस्थेत तिच्यावर सगळे चिडलेत, नोकरीचं काही खरं नाही. मला दया आली नाही. माझ्या खिडकीचा पडदा काढणारी बाई. घरी पोचेपर्यंत मात्र थोडी आली.

जाताना एक विचित्र बोलली. "मार्गिताबाई, मी जिथे असेन तिथून पुढच्या वर्षी तुमचं नाव सुचवू का?"

"कशासाठी? मी काय केलंय?"

 बस आली.

१७ एप्रिल

पहाटे ब्लांकाच्या कळा सुरू झाल्या. आम्ही पुष्कळ जणी गेलो, बसमध्ये मावेनात इतक्या. तिने अंघोळ केली होती, गुलाबाचा साबण लावून, कळा येत असताना. एर्झिका म्हणत होती, "वास येतो म्हणायला तोंड नको त्यांना."

दुपारी मुलगा झाला. त्याच नर्सने चाकाची खुर्ची डावीकडे वळवली. मी आडवी उभी राहिले. भांडले नाही. म्हटलं, "उजवीकडे." मागे सगळ्या उभ्या होत्या, कोणी आवाज केला नाही. नर्स आमच्याकडे बघत होती आणि आम्ही तिच्याकडे. ती आत जाऊन कोणाला तरी फोन करून आली. फोनवर बेनीचेकच असावा, कारण ती नुसतं "हो, हो, सगळ्या इथेच आहेत" म्हणत होती. मग खुर्ची उजवीकडे वळली.

तिसरी खोली. ब्लांका खिडकीपाशी निजली. चादर गार होती, म्हणाली, किती छान. एर्झिका दारात तोंडाला पदर लावल्यासारखा स्कार्फ लावून उभी, रडत होती की काय.

इथेच संपलं असतं तर बरं होतं. दुसऱ्या खाटेवर एक गाजी बाळंतीण होती, ब्लांकाच्याच वयाची, चेहऱ्याने गोड. तिने नाकावर हात धरला. नवऱ्याला बोलावलं. त्याने खाट, बाळाचा पाळणा, फुलांचा गुच्छ, सगळं ओढत बाहेर व्हरांड्यात नेलं. ताज्या टाक्यांची ती पोर, उघड्या व्हरांड्यात वाऱ्यात जाऊन पडली, पण आमच्या ब्लांकाशेजारी राहिली नाही. खोलीत गुलाबाचा वास येत होता. मी स्वतः घेतला.

मला तिचा राग नाही आला. शिसारी आली, आणि शिसारीमागून काहीतरी आलं त्याला मला नाव नाही. तिच्या बाळाची टोपी खाटेखाली पडली होती. मी उचलून व्हरांड्यात नेऊन दिली. तिने घेतली. दोन बोटांनी, कडेला धरून.

निघताना बघितलं तर टोकाच्या खोलीत तासाभरात आणखी दोघींना घातलं होतं, पलीकडच्या खेड्यातल्या. तिथल्या वस्तीतलं सोबतीला कोणी नव्हतं. एक जण अगदीच लहान, भिंतीकडे तोंड करून पडलेली. आम्ही उजवीकडे एक खाट मिळवली आणि त्यांनी डावीकडे दोन भरल्या.

त्या पोरीचं तिथे कोणीही नाही. उद्या सकाळी कोणीतरी जाऊन उभं राहायला हवं, आणि परवा, आणि तपासणी येईपर्यंत रोज. कोलोमान असता तर गेला असता. आता ते काम करणारं माणूसच वस्तीत उरलं नाही.

एर्झिकाला सांगितलंय पहिल्या बसला स्टॉपवर ये, बाकीच्यांना ती उठवेल. बूट चिखलाने भरलेत, चुलीपाशी वाळत ठेवले आहेत. मारिक्ल्या जास्तीच्या केल्यात, त्या दोघींना दारातून थाळी सरकवायच्या आत खायला घालेन.